धागा: एन्झाइमची युक्ती, एल-प्रोलीन आणि आपल्या कॉलेजचा पोलरीमीटर

उत्तरेश्वर

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टचे विषय ठरवायचे दिवस आलेत आणि यंदा मला एक विषय मनापासून मांडायचा आहे. एन्झाइम ज्या युक्तीने काम करतं ती युक्ती उचलायची, तिच्यावरून लहानसा कॅटॅलिस्ट (अभिक्रिया चालवून स्वतः न संपणारा रेणू) बांधायचा आणि रेणूच्या दोन आरसारूपांपैकी हवं तेवढंच मिळवायचं. यालाच असिमेट्रिक सिंथेसिस म्हणतात, आणि हे नाव काढलं की कोल्हापुरातली पोरं बिचकतात. ग्लव्ह बॉक्स लागतो, आर्गॉन लागतो, ऱ्होडियम लागतं, ही कामं पुण्या-मुंबईची, असं धरूनच चालतात. मला हे पटत नाही. यातला एक मोठा भाग उघड्या फ्लास्कमध्ये, साध्या तापमानाला, स्वस्त अमिनो आम्लावर होतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपल्या शरीरात अल्डोलेज नावाचं एन्झाइम असतं. त्याच्या पोटातलं लायसिन हे अमिनो आम्ल कीटोनला धरतं, पाणी बाहेर पडतं, इमिनियम बनतं, त्याचं इनामीन होतं आणि ते इनामीन अल्डिहाइडवर जाऊन बसतं. कार्बन-कार्बन बंध तयार, हीच अल्डॉल अभिक्रिया. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत लर्नर आणि बार्बास यांनी हेच काम करणारी अँटिबॉडी घडवली. तिच्या खोबणीत पाण्याला वाव नसल्यामुळे लायसिनचा पीकेए (प्रोटॉन किती घट्ट धरला जातो याचं माप) १०.५ वरून साधारण ६ वर आला होता, म्हणजे नेहमीच्या पीएचला ते अमाइन मोकळं राहून कामाला लागत होतं. त्याच गटात असलेल्या बेंजामिन लिस्ट यांना प्रश्न पडला: रसायन करतंय एक अमाइन आणि एक आम्ल, मग एवढं अवाढव्य प्रथिन लागतंच का?

त्यांनी प्रोलीन घेतलं. अमाइन आणि आम्ल, दोन्ही एकाच छोट्या रेणूत. अॅसिटोन, ४-नायट्रोबेंझाल्डिहाइड, डीएमएसओ हा सॉल्व्हंट आणि ३० मोल टक्के (दर शंभर रेणूंमागे ३०) एल-प्रोलीन. उत्पादन ६८ टक्के, ईई (एक आरसारूप दुसऱ्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त) ७६ टक्के. आयसोब्युटिराल्डिहाइड घेतलं तेव्हा ९७ टक्के उत्पादन आणि ९६ टक्के ईई. हे साल २०००. त्याच वर्षी बर्कलेत मॅकमिलन यांनी फिनाइलअॅलनिनपासून बनवलेल्या इमिडाझोलिडिनोनने डील्स-आल्डर ही कडी बांधणारी अभिक्रिया करून दाखवली. २०२१ चं नोबेल दोघांना मिळालं.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावीशी वाटते. प्रोलीन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच वापरात आलं होतं. हायोश आणि पॅरिश यांनी एका कंपनीत, एडर, सावर आणि वीखर्ट यांनी दुसऱ्या कंपनीत, स्टेरॉइडचा सांगाडा बांधताना. निकाल छापले गेले आणि जवळजवळ तीस वर्षं त्यातली सर्वसाधारण युक्ती कुणी उचलली नाही. एन्झाइम डोळ्यासमोर ठेवून बघणारा माणूस आला तेव्हा ती दिसली.

तर प्रश्न असा: प्रोलीन किंवा त्याचे भाऊबंद घेऊन इथल्या सोयींत काय काय करता येईल? शिकवणारे, कारखान्यातले, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

बिंदू_चौक

सर, मी बँकेतला माणूस, बारावीनंतर केमिस्ट्री सुटली. पण हे डावं-उजवं रूप एवढं महत्त्वाचं का? दोन्ही रूपांत अणू तेच, जोडणी तीच.

उत्तरेश्वर

कारण आपलं शरीर स्वतःच एका बाजूचं आहे. कार्व्होन नावाचा रेणू घ्या. त्याचं एक रूप पुदिन्याच्या एका जातीत असतं आणि त्याला पुदिन्याचा वास येतो. दुसरं रूप शेपूच्या बियांत असतं, त्याचा वास पार वेगळा. नाकातले ग्राहक प्रथिनांचे आणि प्रथिनं एकाच बाजूच्या अमिनो आम्लांची, म्हणून नाकाला फरक कळतो. औषधाचंही तसंच. थॅलिडोमाइडचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. त्याची दोन्ही रूपं शरीरात एकमेकांत बदलतात, त्यामुळे नुसतं एक रूप वेगळं काढून दिलं असतं तरी तो अनर्थ टळला नसता. म्हणून वर्गात मी ते उदाहरण एवढ्या तपशिलासकटच देतो.

एमएस्सी_दोन

सर, मला एक समजत नाही. एन्झाइमला खोबण असते, सब्स्ट्रेट, म्हणजे ज्यावर काम व्हायचं तो रेणू, तिच्यात चपखल बसतो, म्हणून एकच बाजू खुली राहते हे पटतं. प्रोलीनला तर खोबणच नाही, पाच अणूंची कडी आहे फक्त. मग ते बाजू निवडतं कसं?

उत्तरेश्वर

एकदम नेमकं विचारलंस. प्रोलीनचं अमाइन अॅसिटोनला इनामीन करून पक्कं धरतं. कार्बॉक्सिलिक आम्लाचा हायड्रोजन अल्डिहाइडच्या ऑक्सिजनला धरतो. आता अल्डिहाइड इनामीनच्या एकाच अंगाला, आम्ल जिथे आहे तिथेच, येऊ शकतं. राहता राहिला अल्डिहाइडचा मोठा गट. तो कडीपासून लांब राहील अशी ठेवण सोपी पडते, उलटी ठेवण अवघड. झालं, अल्डिहाइडची एक बाजू ठरली. हाऊक आणि लिस्ट यांनी गणित करून हीच संक्रमण अवस्था (अभिक्रियेच्या चढावरची सर्वोच्च क्षणिक ठेवण) मांडली.

आणि ऊर्जेचा हिशेब बघ, म्हणजे भीती जाईल. २५ अंशाला दोन वाटांमध्ये १.३ किलोकॅलरीचा फरक असला की ९० ला १० मिळतं. २.७ चा असला की ९९ ला १. पहिल्या प्रोलीनच्या निकालात ८८ ला १२ होतं, म्हणजे १.२ च्या आसपास. एका बऱ्यापैकी हायड्रोजन बंधाएवढासुद्धा हा फरक नाही. डिझाइन म्हणजे हा दीड-दोन किलोकॅलरीचा फरक कुठून आणायचा याचा विचार.

बिंदू_चौक

मी लहानपणी गंगावेशीच्या तालमीत जायचो, म्हणून मला असं कळलं: नुसतं मनगट धरलं तर गडी फिरतो आणि निसटतो. मनगट, मान आणि पाय तिन्ही अडकले की त्याला एकाच बाजूला पडावं लागतं. असंच ना?

उत्तरेश्वर

अगदी असंच. सममित दिसणाऱ्या रेणूची एकच बाजू एन्झाइम कसं ओळखतं, याचं स्पष्टीकरण ऑगस्टन यांनी १९४८ मध्ये तीन ठिकाणच्या पकडीवरूनच दिलं होतं. प्रोलीनची पकड दोन ठिकाणी आणि तिसऱ्या ठिकाणी नुसती अडचण. एन्झाइमची पकड पाच-सात ठिकाणी असते.

गोकुळशिरगाव

मी औषधांचे इंटरमीडिएट बनवणाऱ्या युनिटमध्ये प्रोसेस बघतो. विषय मला आवडतो, पण सर, पोरांना पूर्ण चित्र द्या. ३० मोल टक्के म्हणजे तीन रेणूंमागे जवळजवळ एक कॅटॅलिस्ट. एका कॅटॅलिस्टच्या रेणूने तीन-साडेतीन फेऱ्या मारल्या की संपलं. एन्झाइम सेकंदाला शेकडो-हजारो फेऱ्या मारतं. त्यात डीएमएसओ काढायचा म्हणजे पाण्याच्या धुण्यावर धुणी, आणि ते पाणी पुढे ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणात. शंभर ग्रॅमला ठीक, शंभर किलोला काय?

सिटाग्लिप्टिनचंच बघा, मधुमेहाची गोळी, २०२२ मध्ये आपल्याकडे पेटंट संपल्यापासून गावोगावच्या मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. मर्कची आधीची वाट ऱ्होडियमच्या कॅटॅलिस्टने दाबाखाली हायड्रोजनेशनची होती. २०१० मध्ये मर्क आणि कोडेक्सिस यांनी ट्रान्सअमिनेज वापरून ती बदलली. मूळ एन्झाइम या कीटोनला हातही लावत नव्हतं. अमिनो आम्लं बदलत बदलत २७ ठिकाणी फेरफार केल्यावर ९९.९५ टक्क्यांच्या वर ईई. जड धातू गेला, दाबाचं भांडं गेलं. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते एन्झाइम असं पिढ्यान्‌पिढ्या घडवण्याच्या पद्धतीसाठी. मग नक्कल कशाला, अस्सलच घ्या की.

उत्तरेश्वर

दादा, मुद्दा रास्त आहे आणि प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत तो यायलाच हवा. ३० मोल टक्के का लागतात तेही मुलांनी शिकावं: प्रोलीन अल्डिहाइडशीच जुळून ऑक्साझोलिडिनोन बनवतं आणि त्यात अडकून पडतं. शिवाय ते डीएमएसओतही पुरतं विरघळत नाही, सुरुवातीला फ्लास्कच्या तळाशी पांढरा थर फिरताना दिसतो.

पण नकलेचे दोन फायदे अस्सलाकडे नाहीत. एक, आरसारूप. एल-प्रोलीनच्या जागी डी-प्रोलीन घातलं की उलटं उत्पादन तेवढ्याच ईईने मिळतं. एन्झाइमचं आरसारूप आणायचं तर अख्खं प्रथिन डी-अमिनो आम्लांचं बांधावं लागेल. दोन, सब्स्ट्रेटचं स्वातंत्र्य. अल्डोलेज आपल्या ठरलेल्या साखर-फॉस्फेटांबाबत हट्टी असतं. प्रोलीन डझनांनी अल्डिहाइड चालवून घेतं. नवीन रेणूची पहिली पाच ग्रॅम हवी असतील तर २७ फेरफारांची वाट कोण बघणार?

गोकुळशिरगाव

पहिल्या पाच ग्रॅमचं मान्य. आमच्याकडेही सुरुवातीला तेच बघतात. पण नक्कल प्रोलीनवर थांबली तर पुढे जाणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

वारणाकाठची

मध्ये येते. मी मूळची वारणेकाठची, सध्या पेप्टाइड कॅटॅलिस्टवर पीएचडी करतेय. दादा म्हणतात तो पुढचा टप्पा झालेला आहे आणि तो मला सगळ्यात सुंदर वाटतो.

वेनेमर्स यांच्या गटाने तीन अमिनो आम्लांचा पेप्टाइड काढला: डी-प्रोलीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, शेवटी अमाइड. अल्डिहाइड नायट्रोओलेफिनवर जोडायला १ मोल टक्का, पुढे त्याहूनही कमी पुरतो, आणि ईई नव्वदच्या वर. ३० वरून १ वर कसे आलो? पहिल्या दोन प्रोलीनमुळे साखळीला वळण बसतं. त्यामुळे एका टोकाचं अमाइन आणि बाजूच्या साखळीतलं आम्ल योग्य अंतरावर येतात. प्रोलीनमध्ये दोन्ही एकाच कार्बनला चिकटलेले, अंतर हाताबाहेर. इथे अंतर आपल्या हातात आलं. एन्झाइम वळ्या पाडून हेच करतं, फक्त शेकडो अमिनो आम्लं खर्चून.

स्कॉट मिलर यांनी हिस्टिडिनचा इमिडाझोल असलेले छोटे पेप्टाइड केले, ते अल्कोहोलच्या एकाच रूपावर अॅसिल गट चढवतात. जेकबसन यांचे थायोयुरिया वेगळ्या बाजूने आले. १९९८ च्या सुमारास स्ट्रेकर अभिक्रियेसाठी धातूचे लिगंड (धातूला धरणारे रेणू) तपासताना धातू नसलेला नमुनाच चांगला निघाला. थायोयुरियाचे दोन एन-एच मिळून ऑक्सिजनला धरतात. प्रथिनं पचवणाऱ्या सेरिन प्रोटिएजमध्ये ऑक्सिअॅनायन (ऋणभार असलेला ऑक्सिजन) धरून ठेवणारी जागा असते, तिचीच ही छोटी आवृत्ती. ताकेमोतो यांनी २००३ मध्ये त्याच रेणूत तृतीयक अमाइन बसवलं: एका अंगाने इलेक्ट्रोफाइलला (इलेक्ट्रॉन घेणाऱ्याला) धरायचं, दुसऱ्या अंगाने न्यूक्लिओफाइलचा (इलेक्ट्रॉन देणाऱ्याचा) प्रोटॉन काढायचा. आणि खोबणच हवी असेल, तर लिस्ट यांच्या गटाने २०१२ मध्ये बायनॉल या अवजड रेणूच्या दोन चौकटींत आम्ल कोंडून तीही केली. आत छोटेच रेणू मावतात, म्हणून लहान आणि साध्या सब्स्ट्रेटवरही निवड मिळते.

एमएस्सी_दोन

ताई, यातलं काही इथे करता येईल का? पेप्टाइडला कपलिंग एजंट महाग पडतात.

वारणाकाठची

पेप्टाइड सोड. ट्रान्स-४-हायड्रॉक्सी-एल-प्रोलीन घे, कोलॅजेनमधलं अमिनो आम्ल आहे, महाग नाही. त्याच्या हायड्रॉक्सिलवर लांब चरबीची शेपटी बसव. अमाइनला संरक्षण द्यायची गरज नाही: ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्लात विरघळवून आम्लक्लोराइड घाल. आम्लात अमाइन प्रोटॉन घेऊन बसलेलं असतं, त्यामुळे अॅसिल गट ऑक्सिजनवरच चढतो. ईथर घातलं की हायड्रोक्लोराइड पांढरं खाली बसतं, गाळून घ्यायचं. फ्यूम हूडमध्येच कर, ते आम्ल अंगावर घेऊ नकोस.

आता कारण ऐक. साधं प्रोलीन पाण्यात विरघळून जातं, अल्डॉलसाठी तिथे जवळजवळ निकामी, ईई तर उरतच नाही. पाणी इनामीन तोडतं आणि हायड्रोजन बंधात लुडबूड करतं. २००६ मध्ये बार्बास आणि हायाशी यांच्या गटांनी पाणी टाळणाऱ्या शेपट्या लावलेले कॅटॅलिस्ट वापरून पाण्यातच उत्तम निकाल काढले. पाण्याच्या भांड्यात तेलकट थेंब तयार होतात, सायक्लोहेक्झॅनोन, अल्डिहाइड आणि कॅटॅलिस्ट त्या थेंबात गोळा होतात. अल्डोलेजच्या पोटातला कोरडेपणा असा बाहेर मिळतो. दादांचा डीएमएसओचा प्रश्नही सुटतो.

शेपटी ४, ८, १२, १६ कार्बनची करून बघ. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. हेच डिझाइन.

उत्तरेश्वर

हे फार उपयोगी लिहिलंत. एक भर घालतो: अॅसिटोन पाण्यात मिसळतो, म्हणून इथे सायक्लोहेक्झॅनोनच घ्यायचा. त्याने आणखी एक सोय होते. उत्पादनात अँटी आणि सिन अशी दोन डायस्टिरिओमर (एकमेकांची आरसारूपं नसलेली रूपं) येतात आणि प्रोटॉन एनएमआरच्या आलेखात ती अलग दिसतात. ओएच असलेल्या कार्बनवरचा प्रोटॉन अँटीत ४.९ च्या आसपास, ८ हर्ट्झचा स्वच्छ डबलेट. सिनमध्ये ५.५ च्या आसपास, जवळजवळ सिंगलेट. दोन्हींचं क्षेत्रफळ मोजलं की डीआर, म्हणजे दोघांचं प्रमाण, मिळालं. ईईसाठी आपल्याकडे पोलरीमीटर (द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती फिरतो, म्हणजे त्याचं भ्रमण, मोजणारं यंत्र) आहेच.

पोल_ब्रिक्स

पोलरीमीटरचं नाव निघालं म्हणून लिहितो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी त्या नळीसमोर गेली. २६ ग्रॅम नमुना, १०० मिली, २०० मिलिमीटरची नळी, लेड सबअॅसिटेटने साफ केलेला रस. साखरेचं विशिष्ट भ्रमण अधिक ६६.५. तिचं विघटन झालं की ग्लुकोज अधिक ५२.७ आणि फ्रुक्टोज उणे ९२, मिळून मिश्रण उणे २० च्या घरात. विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये याच उलटणाऱ्या आकड्यावरून अभिक्रियेचा वेग मोजला. तुमच्या बीएस्सीच्या जर्नलात तो प्रयोग आजही असतो.

पण सर, या यंत्राच्या एका आकड्यावर विसंबू नका. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्यात ल्युकोनॉस्टॉक जंतू शिरतात आणि डेक्स्ट्रान बनवतात. डेक्स्ट्रानचं भ्रमण जवळपास अधिक २००, साखरेच्या तिप्पट. मग शिळ्या उसाच्या रसाचा पोल (यंत्रावरून काढलेला साखरेचा आकडा) आहे त्यापेक्षा चांगला दिसतो! पॅनमध्ये साखर बसत नाही, मळी वाढते, आणि कागदावर मात्र रस उत्तम. यंत्र भ्रमणांची बेरीज दाखवतं, ते कुणाचं भ्रमण आहे हे सांगत नाही. तुमच्या उत्पादनात कॅटॅलिस्टचा अंश राहिला तर हेच होईल.

उत्तरेश्वर

काका, इतकं मोलाचं आणि इतकं आपल्या मातीतलं उदाहरण मला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळालं नसतं. एल-प्रोलीनचं स्वतःचं भ्रमण पाण्यात उणे ८५ च्या आसपास आहे. शेपटीवालं प्रोलीन तर धुण्याने निघतही नाही, सेंद्रिय थरातच राहतं. उलट बाजूने, अल्डॉल तापवलं की पाणी जाऊन एनोन होतं, अॅसिटोनच्या उत्पादनात तो एनोन कायरल नसतो (त्याला दोन आरसारूपं नसतात), आणि आकडा खाली येतो. म्हणजे पोलरीमीटरने चिन्ह बघायचं, ढोबळ अंदाज घ्यायचा. ईई म्हणून तो आकडा प्रबंधात छापायचा नाही.

गोकुळशिरगाव

ईईला कायरल एचपीएलसीच, म्हणजे दोन रूपं वेगळी काढणाऱ्या कॉलमचं यंत्र. कॉलमच्या आत काय असतं माहीत आहे का पोरांना? सेल्युलोज किंवा अमायलोजवर कार्बामेट चढवलेलं, म्हणजे तीही साखरेचीच साखळी. काका खूश होतील.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेव, एमएस्सी_दोन. पहिली, रेसिमिक (दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असलेला) नमुना आधी बनव, डीएल-प्रोलीन किंवा पायरोलिडिन वापरून. दोन शिखरं सारख्या क्षेत्रफळाची आणि तळापासून वेगळी दिसल्याशिवाय पुढचं इंजेक्शन व्यर्थ. दुसरी, ईई क्रिस्टल करायच्या आधी मोज. क्रिस्टल पाडताना एक रूप जास्त बसतं, दुसरं द्रवात राहतं, आणि आकडा कॅटॅलिस्टचा न राहता क्रिस्टलचा होतो. कॉलम करून आलेले सगळे फ्रॅक्शन एकत्र कर, त्यातलंच थोडं काढून मोज.

एमएस्सी_दोन

लिहून घेतलं दादा. अजून एक विचारू का? अस्सल एन्झाइमशी तुलना करायची असेल तर इथे काय मिळेल?

पोल_ब्रिक्स

पोरी, बेकरीचं यीस्ट! आमच्याच मळीवर वाढतं ते.

वारणाकाठची

काका बरोबर सांगताहेत. इथिल अॅसिटोअॅसिटेट, साखरेचं पाणी आणि यीस्ट, हा जुना नावाजलेला प्रयोग आहे. इथिल ३-हायड्रॉक्सिब्युटिरेटचं एस रूप मिळतं. यात शिकण्यासारखं म्हणजे, कीटोएस्टर एकदम ओतलं तर ईई पडतो, हळूहळू घातलं तर चढतो. यीस्टमध्ये एकापेक्षा जास्त रिडक्टेज आहेत आणि ती उलटसुलट रूपं देतात. सब्स्ट्रेट कमी असताना एस देणारं एन्झाइम पुढे असतं, जास्त झालं की दुसरंही कामाला लागतं. अस्सल एन्झाइम घेतलं म्हणून निवड आपोआप शंभर टक्के होते, हा समज या एका प्रयोगात जातो. फक्त हे रिडक्शन आहे, अल्डॉल नाही, म्हणून आकडे शेजारी-शेजारी ठेवताना तेवढं स्पष्ट लिही.

गोकुळशिरगाव

अर्क काढताना यीस्टचा चिखल इथिल अॅसिटेटबरोबर इमल्शन धरतो. आधी सेलाइट घालून गाळ, मगच सेपरेटिंग फनेलमध्ये घे.

सर, आमच्याकडे कायरल कॉलम आहे. साहेबांशी बोललो, काम कमी असेल त्या दिवशी चार-पाच नमुने चालवायला हरकत नाही म्हणाले. अट एवढीच: नमुना टीएलसीवर (शुद्धता बघायच्या पातळ थराच्या पट्टीवर) एका ठिपक्याचा हवा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला हवा, आणि मोबाइल फेजमध्येच (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवातच) विरघळवलेला. डीएमएसओचा थेंबसुद्धा चालणार नाही, आमचा कॉलम आहे तो.

उत्तरेश्वर

दादा, मनापासून आभार. विभागाचं रीतसर पत्र घेऊन मीच येतो. एमएस्सी_दोन, हायड्रॉक्सिप्रोलीन आणि डीएल-प्रोलीनची मागणी उद्या स्टोअरला दे. आम्लक्लोराइडांपैकी ब्युटिरिल आणि लॉरॉइल आधी मागव. ४ आणि १२ कार्बनमध्ये फरक दिसला तरच मधलं ८ चं आणि वरचं १६ चं करू.

एमएस्सी_दोन

हो सर. रेसिमिक बॅच हायड्रॉक्सिप्रोलीन यायच्या आधीच लावते, पायरोलिडिनची बाटली कपाटात आहे. काका, पोलरीमीटरची नळी भरताना बुडबुडा राहतोच, तो कसा घालवायचा?

पोल_ब्रिक्स

नळी उभी धर, द्रव काठाच्या वर फुगेपर्यंत भर आणि काच वरून ठेवू नकोस, बाजूने सरकवत आण. टोपण घट्ट आवळू नकोस, काचेवर ताण आला की तीच थोडं भ्रमण दाखवते. आधी नुसत्या सॉल्व्हंटचं शून्य घे, आणि तापमान लिहायला विसरू नकोस.